बाई, पिरॅमिड कोणी बांधले?

बाई, काल तुमचा तेरावा झाला आणि आज सकाळी मी मंगलला फोन केला. हो, तीच मंगल. आपल्या सातवी ब मधली, खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरची. जिच्याबद्दल तुम्ही वर्षभर "सापडली का गं?" विचारत होतात आणि मी "नाही हो बाई" म्हणत होते, ती. फोन ठेवला, आलं किसून चहा केला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन कप प्यायले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला चहाची चव लागली. इतकं मोकळं वाटतंय की माझीच मला लाज वाटते. सासूला जाऊन दोन आठवडे होतायत आणि सून एकटीच हसत चहा पितेय, कोणी बघितलं तर काय म्हणेल! म्हणू दे.

थोडक्यात उत्तर लिहिणं मला कधी जमलं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा सविस्तरच सांगते. मध्ये "मुद्द्यावर ये" म्हणायला तुम्ही नाही आहात, याचा फायदा घेते.

लोक येऊन गेले. मकरंदच्या ऑफिसातले, इथल्या मराठी मंडळातले, खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॅनसुद्धा. सगळे मला "सासूबाई फार चांगल्या होत्या" म्हणत होते आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं, कोणाच्या सासूबाई? तुम्ही माझ्या सासूबाई नंतर झालात. आधी तुम्ही इतिहासाच्या बाई. पुण्यातली आपली मुलींची शाळा, तुमची इस्त्रीची सुती साडी, डाव्या मनगटावर उलटं बांधलेलं घड्याळ आणि ते लाल शाईचं पेन. "निकम, उभी राहा!" म्हटलं की वर्गातला पंखासुद्धा हळू फिरायचा. पुढे कॉलेजात मकरंद भेटला, जमलं, तो मला घरी घेऊन आला आणि दार उघडलं तुम्ही. मी उंबऱ्यातच सावधान झाले आणि तोंडातून आपोआप, वर्गात सगळ्याजणी म्हणायचो त्याच सुरात, निघालं, "नमस्ते बाई!" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "निकम? तू?" आणि मग लेकाकडे वळून, "हिचं अक्षर बघितलंयस का रे?"

लग्न झालं तरी मला तुम्हाला आई म्हणता आलं नाही. तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, "सून मला बाई म्हणते, जशी काही मी हिच्याकडे भांडी घासायला आहे." सगळे हसायचे, मीही हसायचे, पण तुम्हाला थोडं लागायचं हे मला कळत होतं. आपलं हे भांडण राहूनच गेलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की आई मला होती. बाई मला एकच मिळाल्या होत्या.

आणखी एक सांगते, ते पुढे लागणार आहे. मी पेपर नेहमी शेवटच्या घंटेला द्यायचे. बाकीच्या मुली पेपर देऊन पळालेल्या असायच्या, मी खाली मान घालून शेवटची ओळ खरडत असायचे आणि तुम्ही बाकाशेजारी हात पुढे करून उभ्या. दुसऱ्या बाई पेपर ओढून घ्यायच्या. तुम्ही कधी घेतला नाहीत. "आटप," एवढंच म्हणायचात.

सासरे गेल्यावर तुम्ही आमच्याकडे, इथे परदेशात मरीन परेडला राहायला आलात. इथे राहायच्या परवानगीच्या, लाँग टर्म पासच्या कार्डावरचा फोटो बघून म्हणालात, "कैद्यासारखी दिसतेय मी." चारच दिवसांत अख्खं घर शिस्तीत आलं. सकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फेरी, मग पेपर, मग आमची रिया शाळेतून आली की तिचं मराठी. ती "आजी, सो हार्ड लाह!" म्हणायची आणि तुम्ही शांतपणे "पुन्हा लिही" म्हणायचात. मी पाया लेबारच्या ऑफिसात नेमकं काय करते ते तुम्ही एकदा नीट विचारून घेतलंत. मी सांगितलं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. "म्हणजे पेपरच तपासतेस," म्हणालात, आणि माझ्याबद्दल तुमचं मत जरा सुधारलं.

मग मकरंदला कंपनीनं दोन महिन्यांसाठी कैरोला पाठवलं. तुम्ही फुरंगटूनच बसलात. "चौतीस वर्षं इजिप्त मी शिकवला आणि इजिप्तला चाललाय हा? सातवीत इतिहासात किती मार्क होते विचार त्याला!" डिसेंबरात रियाला सुट्टी लागली आणि आपण तिघी निघालो. विमानात तुमच्या पिशवीत दशम्या, लसणीची चटणी, मेतकूट आणि सातवीचं जुनं पाठ्यपुस्तक. पाठ्यपुस्तक! मी म्हटलं, "बाई, तिथे गाइड असतो." "असू दे. बरोबर सांगतो का ते बघायला नको?"

मकरंदला रोज ऑफिस. म्हणून त्यानं आपल्या तिघींसाठी एका दिवसाची गाडी आणि गाइड ठरवली. ग्रुप नाही, घाई नाही, फक्त आपण. सकाळी आठला नादिया आली. पंचविशीची, डोक्याला निळा स्कार्फ, पुराणवस्तूंच्याच विषयात पदवी घेतलेली. बिचारीला कुठे ठाऊक, आपल्या गाडीत कोण बसलंय! गाडी निघाली आणि तुमची तोंडी परीक्षा सुरू झाली. खुफू कितवा राजा? त्याच्या मुलाचं नाव काय? सर्वांत जुना पिरॅमिड कुठला? मी मध्ये बसून मराठीचं इंग्रजी करत होते. तिनं उत्तर दिलं की तुम्ही मान डोलवून "बरोबर" म्हणायचात. तासाभरात ती मुलगी "बरोबर" शब्द शिकली आणि तो मिळाला की खूश व्हायला लागली. रिया माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, आजी इज टेस्टिंग हर, सो पै सेह." म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

खुफूच्या पिरॅमिडसमोर तुम्ही गाडीतून उतरलात, छत्री उघडलीत आणि वरच बघत राहिलात. मी तुमच्याकडे बघितलं तर डोळे भरलेले. "पुस्तकात एवढासा असतो गं," म्हणालात. बोटांनी दाखवलंत, काडेपेटीएवढा. त्या क्षणी मला तुमचा इतका लळा वाटला, बाई, की वाटलं आत्ताच म्हणावं आई. नाही म्हटलं. राहिलं.

पुढे गाडी पठाराच्या दक्षिणेला थांबली. नादियानं एका उताराकडे हात केला. मातीच्या विटांची बुटकी, ओबडधोबड बांधकामं. तिथे वर आत्ता जाता येत नाही, इथूनच बघा, म्हणाली. "या कामगारांच्या कबरी. पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या."

तुम्ही लगेच सुधारलंत. "सांग तिला, गुलामांच्या."

मी सांगितलं. नादिया हसली. नाही मॅडम, गुलाम नव्हते. गावोगावचे लोक पाळीपाळीनं यायचे. कायमचे कारागीर वेगळे. त्यांना भाकरी मिळायची, मांस मिळायचं, बिअर मिळायची. हाडं मोडली तर ती नीट बसवलेली सापडलीत, म्हणजे औषधपाणी होतं. आणि मेल्यावर राजाच्या शेजारी कबर. गुलामाला कोण राजाच्या शेजारी जागा देईल? त्यांच्या टोळ्यांना नावंसुद्धा होती, दगडांवर लिहून ठेवलेली. एकीचं नाव खुफूचे मित्र. दुसरीचं, पुढच्या एका राजाच्या नावानं, मेनकाउरेचे बेवडे. रिया खुदकन हसली.

तुम्ही नाही हसलात. "तिला विचार, नक्की का?" विचारलं. नक्की. "पुन्हा विचार." पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला सांगितलंत तेव्हा नादियानं तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही शिकवत होतात तेव्हा पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. आमच्याही पुस्तकात तसंच होतं.

तुम्ही तिथल्या एका दगडावर बसलात. मी घाबरले. पाणी दिलं, ब्लडप्रेशरची गोळी काढली. तुम्ही गोळी बाजूला सारलीत आणि म्हणालात, "निकम." लग्नानंतर तुम्ही मला निकम म्हटलं नव्हतंत कधी, रागावल्याशिवाय. पण तुम्ही रागावलेल्या नव्हतात.

"निकम, मंगलला किती दिले होते मी?"

मला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "शून्य, बाई."

सहामाहीचा पेपर होता. प्रश्न, पिरॅमिड कोणी व कसे बांधले? पाच मार्क. तुम्ही वर्गात उत्तर लिहून दिलं होतंत, हजारो गुलामांकडून, चाबकाच्या धाकाने. आम्ही सगळ्यांनी ते पाठ करून उतरवलं. मंगलनं नाही उतरवलं. तिचे वडील गवंडी, आई त्यांच्याच हाताखाली पाट्या उचलायची. मंगलनं लिहिलं होतं, "पिरॅमिड गवंड्यांनी बांधले. ते मार खाऊन बांधलेले नाहीत. कारण माझे वडील म्हणतात, गवंड्याला शिव्या दिल्या की त्याचा ओळंबा हलतो. ओळंबा हलला की भिंत वाकडी येते. पिरॅमिड सरळ आहेत." ओळंबा म्हणजे ते दोरीला बांधलेलं वजन, भिंत उभी सरळ आहे का ते बघायचं. वर्गात निम्म्या मुलींना हा शब्दही ठाऊक नव्हता. तुम्ही तिला उभं करून ते उत्तर मोठ्यानं वाचलंत. वाईट हेतूनं नाही, मी साक्षीदार आहे. "मनाचं लिहू नये, पुस्तकातलं लिहावं" हे सांगायला वाचलंत. पण "ओळंबा हलतो" वर एक मुलगी फिस्सकन हसली आणि मग सगळा वर्ग हसला. मंगल उभीच होती. तिला तुम्ही बस म्हणायचं विसरलात.

पुढच्या वर्षी मंगल शाळेत आली नाही.

"ती बरोबर होती," तुम्ही त्या दगडावर बसून म्हणालात. "तेरा वर्षांची पोर बरोबर होती आणि मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं." नादियाला कळेना काय झालं. मी तिला सगळं इंग्रजीत सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, त्या मुलीचे वडील आमच्याकडे प्रोफेसर व्हायला हवे होते.

स्फिंक्सजवळच्या त्या ग्रॅनाइटच्या मंदिरात तुम्ही एका कोपऱ्यात खूप वेळ उभ्या होतात. दोन दगडांच्या सांध्यापाशी डोळा नेऊन, एक डोळा मिटून. मला हाक मारलीत. "बघ, किती सरळ आहे." जेवायला नेलं तिथे फलाफल आलं, त्याला तुम्ही "डाळवडाच की हा" म्हणालात, पण एकच खाल्लात. सक्कारालाही उतरलात, पायऱ्यांचा पिरॅमिड बघितलात, नादियाला निघताना लसणीच्या चटणीची पुडी दिलीत. ते जुनं पाठ्यपुस्तक मात्र पिशवीतून बाहेर काढलं नाहीत.

परतीच्या विमानात तुम्ही म्हणालात, "मंगलला शोध. तुमचा तो शाळेचा ग्रुप आहे ना फोनवर?"

आता ऐका बाई. जे तुम्हाला सांगायचं होतं ते हे. मी ग्रुपवर विचारलं आणि दहा मिनिटांत मंगलचा नंबर आला. दहा मिनिटांत! आपल्या वर्गातल्या सुनंदानं पाठवला, ती अजून तिला भेटते. मी तो "मंगल शाळा" म्हणून ठेवून दिला आणि तुम्हाला येऊन सांगितलं, "कोणालाच ठाऊक नाही हो."

का? कारण फिस्सकन हसणारी ती पहिली मुलगी मी होते. आणि एवढंच असतं तर मी धकवलं असतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मंगल नळावर पाणी प्यायला आली तेव्हा मी ओरडले, "ए ओळंबा!" ते नाव तिला चिकटलं. शाळा सुटेपर्यंत, वर्ष संपेपर्यंत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती शाळा सोडून जाईपर्यंत. मला खात्री होती की ती माझ्यामुळे गेली. एका शून्यानं कोण शाळा सोडतं? रोज कोणी नळावर गाठून नाव ठेवलं तर सोडतं. तुम्ही फोनवर बोललात आणि तिनं ते सांगितलं तर? माझ्या घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्ही माझ्याकडे कसं बघितलं असतंत? मुलाच्या बायकोकडे बघता तसं नाही. सातवी ब मधल्या निकमकडे बघायचात तसं. ते मला नको होतं. चाळिशीची बाई मी, एका मुलीची आई, आणि तुमच्या नजरेला टरकत होते.

तुम्ही पिच्छा सोडला नाहीत. दर पंधरा दिवसांनी विचारायचात. एकदा समुद्राकाठी फेरी मारताना माझाच तोल सुटला. "कशाला आता बाई? इतकी वर्षं झाली. ती विसरलीही असेल. तुम्ही उगाच जुनं उकरून काढताय!" तुम्ही थांबलात. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, त्याला हातानं थांबवलंत. "मार्क देणारी विसरते. शून्य मिळालेली विसरत नाही. आणि तू कानाची पाळी का धरली आहेस?"

मी पाळी सोडली. खोटं बोलताना मी कान धरते, हे तुम्हाला सातवीपासून ठाऊक होतं.

आणि मग एके दिवशी तुम्ही विचारायचं बंद केलंत. मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, विसरलात. वय झालं, बरं झालं. तुम्ही छान राहायला लागलात, गुणगुणत पोळ्या लाटायला लागलात, रियाला "पुन्हा लिही" कमी वेळा म्हणायला लागलात. मी त्याचं कारण शोधलं नाही. चुका शोधणं हेच माझं पोट भरायचं काम, आणि घरातली एवढी मोठी गोष्ट मला दिसली नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. तुम्ही टेबलाशी बसून शेंगा सोलत होतात. मला म्हणालात, "निकम, काही सांगायचंय का?" असं का विचारलंत, मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "हो, डबा विसरत होते." फ्रिज उघडला, डबा घेतला आणि गेले. त्या दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तो डबा तसाच्या तसा परत घरी आला.

हे तेरा दिवस माझ्या घशाखाली काही उतरलं नाही ते शोकानं नव्हे, बाई. सगळ्यांना वाटलं शोकानं. मकरंद माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, आईचं तुझ्यावर फार प्रेम होतं. त्यानं तर मला आणखीच मेल्यासारखं व्हायचं. एका म्हाताऱ्या बाईला माफी मागायची होती आणि मी मागू दिली नाही. स्वतःची लाज झाकायला मी तुमचं मन अडकवून ठेवलं, आणि तुम्ही तशाच गेलात. हे घेऊन मी जगणार कशी, एवढंच डोक्यात.

आज सकाळी मी नंबर लावला. ठरवलं होतं, निदान बातमी द्यायची आणि पुढचं बोलून टाकायचं. दोन घंटा वाजल्या.

"बोल निकम," पलीकडून आवाज आला. "किती उशीर केलास गं!"

मागे कुठेतरी कापायचं यंत्र चाललं होतं, ते तिनं ओरडून बंद करायला लावलं. मंगल आता चिंचवडला घरं बांधायची कामं घेते. "बाई गेल्या ना? सुनंदानं कळवलं. म्हटलं, आता हिचा फोन येईल. चार दिवस फोन उशाशी घेऊन झोपतेय."

"तुला कसं कळलं मी फोन करणार?"

"बाईंनीच लिहिलं होतं."

तुम्ही पत्र लिहिलं होतंत! तुम्ही, ज्यांना मी सापडत नाही सापडत नाही म्हणून वर्षभर फिरवत होते, त्यांनी सरळ शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं, वर मंगलचं पूर्ण नाव, वर्ग, तुकडी, साल. शाळेत ते चार महिने पडून राहिलं. मग जुन्या शिपायाच्या हाती लागलं. तो मंगलच्या वडिलांना ओळखत होता. का? कारण शाळेची कंपाउंडची भिंत त्यांनी बांधलेली. तो स्वतः सायकलवरून पत्र घेऊन गेला. आणि इकडे मी पाया लेबारला बसून निश्चिंत!

मंगलनं मला दोन्ही पत्रांचे फोटो पाठवलेत. हो, तुम्ही दोन लिहिलीत. तुमचं ते सुबक, टपोरं अक्षर. पहिलं फार लांब नाही. "चि. मंगल हिस अनेक आशीर्वाद. मी तुझी सातवीतली इतिहासाची शिक्षिका. मी स्वतः जाऊन बघून आले. तुझं उत्तर बरोबर होतं आणि मी शिकवलेलं चूक होतं. मी ते वर्गात वाचायला नको होतं. शाळेची भिंत तुझ्या वडिलांनी बांधलेली. चौतीस वर्षं रोज सकाळी प्रार्थनेला मी तिच्यासमोर उभी राहिले. ती सरळ आहे. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. तुझा पेपर आता माझ्याजवळ नाही, पण उत्तर लक्षात आहे. ते खाली लिहून पुन्हा तपासलं आहे." आणि खाली मंगलचं सगळं उत्तर, शब्दन् शब्द. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण, तुमची सही आणि पाचपैकी साडेचार. "अर्धा मार्क अक्षराचा कापला आहे."

"अर्धा मार्क कापला गं!" मंगल फोनवर ओरडली. "माफीच्या पत्रात!" आम्ही दोघी इतक्या हसलो की तिकडे तिचे कामगार विचारायला लागले आणि इकडे रिया खोलीतून बाहेर आली.

"बाबांना वाचून दाखवलं," मंगल म्हणाली. "ऐंशी वर्षांचे आहेत. म्हणाले, ते भिंतीचं लिहिलंय तेवढं परत वाच. तीनदा वाचायला लावलं."

मी विचारलं, शाळा का सोडलीस? धीर करून विचारलं. "सोडली कुठे? बाबांचं काम नाशिकला लागलं, तिकडच्या शाळेत गेले. आम्ही साइटबरोबर फिरणारी माणसं." मग म्हणाली, "राग होता पण. खोटं नाही सांगत. शून्याचा नव्हता एवढा. त्या नावाचा होता. ओळंबा. उत्तर पाठवलं तेव्हा मी बाईंना विचारलं होतं, ते नाव तुम्ही का पाडलंत? मला कायम वाटायचं, बाईंनीच पाडलं. त्यांनी वाचलं ना मोठ्यानं."

बाई, मी खाली फरशीवरच बसले. "काय म्हणाल्या त्या?"

"दुसऱ्या पत्रात लिहिलंय बघ. 'ते नाव मीच पाडलं. त्याबद्दलही क्षमा कर.'"

तुम्हाला ठाऊक होतं. त्या नळापासून शिक्षकांची खोली कितीशी लांब! तुम्ही सगळं ऐकलेलं होतंत आणि तरी ते स्वतःच्या नावावर घेतलंत. शिवाय पुढे लिहिलंत, तेही वाचलं मी. "निकमला तुझा नंबर सुनंदानं दिला आहे, असं तू कळवलंस. तिला तू आपणहून फोन करू नकोस. ती पेपर शेवटच्या घंटेला देते, पण देते."

"मंगल," मी म्हटलं, "ते नाव बाईंनी नाही पाडलं. मी पाडलं. नळावर, मधल्या सुट्टीत. बाई खोटं लिहितायत. मी पाडलं, आणि वर्ष संपेपर्यंत मीच म्हणत राहिले. चुकलं माझं."

ती म्हणाली, "हं. म्हणून." म्हणून काय, मी विचारलं. "ती ओळ बघ त्या पत्रातली. बाकी सगळं पत्र छापल्यासारखं आहे आणि त्या एका ओळीत बाईंचं अक्षर हललंय. मी नवऱ्याला तेव्हाच म्हटलं होतं, इथे काहीतरी गडबड आहे."

मी फोटो मोठा करून बघितला. खरंच हललंय, बाई. तुम्हाला खोटं लिहिता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा अक्षराचा अर्धा मार्क तुमचाही कापायला हवा, तो मी कापला.

मंगलनं मला लगेच माफ केलं असं नाही. "बघू," म्हणाली, "पुण्याला आलीस की घरी ये. तुला समोर बघते, मग ठरवते." मग म्हणाली, "बाईंवरचा तेवढा एक राग राहिला होता माझा. तो गेला आता. हे सांगितलंस ते बरं केलंस." म्हणजे बाई, तुम्ही आता तिच्याकडे पूर्ण मोकळ्या आहात. तेवढं माझ्या हातून झालं. जे तुम्ही स्वतःवर ओढून घेतलं होतंत ते मी परत घेतलं.

रिया अजून दारातच उभी होती. मी विचारलं, "आजीची पत्रं पोस्टात तू टाकलीस?" ती खांदे उडवून म्हणाली, "या. आय पेस्टेड द स्टॅम्प." मला का नाही सांगितलंस? "यू नेव्हर आस्क, वॉट." मग मराठीत, तुम्ही शिकवलेल्या मराठीत, शब्द जुळवत म्हणाली, "आजी म्हणाली, मम्मीला घाई नको करायला."

चहा संपला. तुमची खुर्ची, शेंगांची परात, चष्म्याचं घर, सगळं जागच्या जागी आहे. मी टेबलाशी बसून हे लिहितेय आणि मला रडू येतंय, पण तेरा दिवस येत होतं तसलं नाही. घंटा होऊन गेली होती, बाई. वर्ग रिकामा झाला होता. मी आपली मान खाली घालून बसले होते, वर बघितलं तर तुम्ही हात पुढे करून तिथेच उभ्या होतात. हा घ्या पेपर, आई.